बसल्या जागची थंडी

डिसेंबरचा पहिला पंधरवडा सरला की कोलकात्यात माकडटोप्या बाहेर पडतात. रवींद्र सरोवराच्या काठाने पहाटे फिरायला येणाऱ्या कुठल्याही वयस्कर गृहस्थाकडे पाहावं. डोक्यापासून हनुवटीपर्यंत लोकर, गळ्याला मफलर, स्वेटर, स्वेटरवर शाल. आणि कमरेखाली एक पातळ सुती पायजमा, त्याखाली चपलेतून डोकावणारी बोटं. उरलेला देश या टोपीवरून बंगाली माणसाची यथेच्छ चेष्टा करत आला आहे. चेष्टाच करायची तर ती पायजम्याची करायला हवी. थंडीचा बंदोबस्त वरून सुरू करायचा आणि कमरेपाशी सोडून द्यायचा, ही खोड काही एकट्या बंगाल्यांची नाही. पुण्या-नाशकातही अंगात दोन-दोन स्वेटर असतात आणि पायांना बारा महिने तीच पँट. हिमालयात ट्रेकला निघालेली मुलं हजारो रुपयांचं जॅकेट घेतात आणि खाली जीन्स चढवतात. पिसं भरलेल्या विजारीचं, म्हणजे गिर्यारोहकांच्या 'डाऊन पँट'चं नाव काढलं तर ती एव्हरेस्टवाल्यांची चैन वाटते. पण ती कोणाला लागते, केव्हा लागते आणि केव्हा मुळीच लागत नाही, हे नीट पाहू गेलं तर थंडीविषयीच्या आपल्या बऱ्याच समजुती हलतात. किती ऊब हवी हे पाऱ्यावर अवलंबून असतं हे खरंच. पण माणूस बसलेला आहे की चालतो आहे, यावर ते त्याहून जास्त अवलंबून असतं. आणि बसलेल्या माणसाच्या अंगाचा सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे त्याचे पाय.

टोपीच्या बाजूने एक जुना दाखला हमखास दिला जातो: अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते. १९७० सालच्या अमेरिकी लष्कराच्या एका पुस्तिकेत ४० ते ४५ टक्के असा आकडा आला आणि तो जगभर पसरला. २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ज्या गैरसमजांचा समाचार घेतला त्यांत हाही होता. त्याचं मूळ बहुधा अशा जुन्या प्रयोगांत, ज्यांत माणसांना गळ्यापर्यंत जाड ध्रुवीय पोशाख घातला होता आणि डोकं तेवढं उघडं होतं. जे उघडं ठेवलं तिथूनच उष्णता जाणार! त्याऐवजी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात डॉक्टर जो नऊ-नऊचा हिशोब वापरतात तो पाहावा. किती टक्के अंग भाजलं हे चटकन ठरवण्यासाठी मोठ्या माणसाची त्वचा नवाच्या पटींत मोजतात. डोकं आणि मान मिळून ९ टक्के, एकेक हात ९, धड पुढून-मागून मिळून ३६ आणि एकेक पाय १८. म्हणजे दोन्ही पाय मिळून पुन्हा ३६. धडाइतकंच क्षेत्रफळ पायांचं आहे, डोक्याच्या चौपट. धडाला चार थर आणि पायांना एक, अशी वाटणी कुठल्या न्यायाने केली जाते?

यावर एक रास्त आक्षेप आहे. पायांना मुळी तेवढी थंडी वाजतच नाही, मांड्या गारठल्या असं कोण म्हणतं? हे खरं आहे, पण थंडी न वाजणं आणि उष्णता न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गारठा वाढला की शरीर आधी हृदय, फुप्फुसं, मेंदू सांभाळतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून तिकडचा पुरवठा कमी करतं. पाय गार पडू देणं हे शरीराचंच धोरण असतं. त्याची किंमत पावलं मोजतात, कारण पावलांपर्यंत पोचणारं गरम रक्त मांडी आणि पोटरीतूनच उतरतं. वाटेत ते निवलं तर खाली मोज्यांचे दोन जोड चढवूनही बोटं गारच राहतात. मोजा आलेली ऊब धरून ठेवेल, न आलेली कुठून आणणार? बोटं बधिर झाली की माणूस मोजे बदलतो, बूट बदलतो, बोटं चोळत बसतो. विजारीकडे त्याचं लक्ष जात नाही.

आता ऊब धरून ठेवते कोण, हे पाहू. यासाठी कोलकात्याइतकी सोयीची शाळा दुसरी नाही. थंडीच्या तोंडावर इथल्या गल्ल्यांतून धुनुरी फिरू लागतात, आपल्याकडचे पिंजारीच ते. बरेचसे बिहारमधून येतात. खांद्यावर लांब पिंजण, त्याच्या तातीचा टणत्कार हीच त्यांची आरोळी. घरातली जुनी रजई, म्हणजे तिथला 'लेप', उसवतात, वर्षभरात दबून गठ्ठा झालेला कापूस गच्चीवर पसरतात आणि तात त्याच्यावर थरथरवत ठेवतात. तासाभरात त्याच कापसाचा ढीग कितीतरी पट मोठा झालेला दिसतो. मग तो पुन्हा लाल 'शालू'च्या, म्हणजे तिथल्या लाल सुती कापडाच्या, खोळीत भरून टाके घालतात. (हाच लाल शालू शहरभर बिर्याणीच्या हंड्यांनाही गुंडाळलेला दिसतो; गरम राखायचं ते लाल कपड्यात, अशी या शहराची समजूत असावी.) या सगळ्या खटाटोपात धुनुरी कापूस वाढवत नाही, काही वेळा धूळ आणि तुकडे निघून तो थोडा कमीच होतो. तरी लेप आदल्या दिवसापेक्षा उबदार होतो. कारण त्याने कापसात भरलेली असते हवा.

हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाण्यातून उष्णता तिच्यापेक्षा सुमारे २४ पट वेगाने वाहते. अट एकच, हवा हलता कामा नये. मोकळी हवा अंगाशी तापते, हलकी होऊन वर निघून जाते आणि तिची जागा गार हवा घेते. तंतूंच्या जाळ्यात अडकलेली हवा हे करू शकत नाही. कापूस, लोकर, पिसं, पॉलिएस्टर यांचं काम एवढंच: हवेला जागच्या जागी अडकवणं. कमीत कमी वजनात जास्तीत जास्त हवा अडकवण्याच्या या कामात बदकाच्या पिसाची बरोबरी आजवर कोणी केलेली नाही. हे पीस म्हणजे पंखाचं कडक दांड्याचं पीस नव्हे. बदक आणि कलहंस (इंग्रजीत 'गूज') यांच्या छाती-पोटावर, बाहेरच्या पिसांखाली, बिनदांड्याचे मऊ गोळे असतात. एका बिंदूतून सगळ्या बाजूंना कितीतरी केसाळ धागे निघालेले, आणि त्या धाग्यांना पुन्हा सूक्ष्म फाटे. चिमटीत दाबला तर गोळा नाहीसा होतो, सोडला की पुन्हा फुलतो. जॅकेटवर लिहिलेले ६००, ७००, ८०० असे आकडे हा फुलोराच सांगतात: एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं किती घन इंच जागा व्यापतात. ८०० आकड्याची पिसं २८ ग्रॅममध्ये १३ लिटर जागा भरतात, ६०० ची जेमतेम १० लिटर. धुनुरी जे तातीने करतो ते पीस आपलं आपण करतं, रोज, आणि पिंजाऱ्याशिवाय.

ही गोष्ट डोंगरावर पहिल्यांदा ज्याने नीट वापरली त्याचा आपल्याशी दुहेरी संबंध आहे. जॉर्ज इंगल फिंच हा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधला रसायनशास्त्रज्ञ १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत होता. बाकीची मंडळी लोकर, रेशीम आणि ट्वीडच्या थरांवर भिस्त ठेवून होती. फिंचने बलूनच्या कापडाचा एक कोट शिवून घेतला आणि त्यात आयडर नावाच्या समुद्री बदकाची पिसं भरली. सोबत्यांनी आधी त्याला हसून घेतलं, वर गेल्यावर त्याच कोटाचा त्यांना हेवा वाटू लागला. मोहिमेची ऑक्सिजनची नळकांडी कोलकात्याच्या बंदरात उशिरा पोचली, म्हणून मुख्य तुकडी दार्जिलिंगहून पुढे गेली तरी फिंच मागे राहिला. वर गेल्यावर त्याने, त्याचा सोबती जेफ्री ब्रूसने आणि तेजबीर या गोरखा जवानाने सुमारे ७,७०० मीटरवर एका तंबूत वादळात दोन रात्री काढल्या. दुसऱ्या रात्री हातपाय गारठत चालले तेव्हा फिंचने ऑक्सिजन हुंगायला दिला आणि अंगात ऊब परतली. दुसऱ्या दिवशी, २७ मे रोजी, तो आणि ब्रूस ८,३०० मीटरच्या वर पोचले. तोवर माणूस पायी इतक्या उंचीवर गेलेला नव्हता. हाच फिंच पुढे १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. पाषाणच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती पुणेकरांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

त्या तंबूतल्या दोन रात्रींत आपल्या प्रश्नाचं सगळं सार आहे. पिसांचा कोट उष्णता निर्माण करत नाही. ती शरीरातच, अन्न आणि ऑक्सिजन जाळून तयार होते. कोट ती जायला उशीर लावतो. आणि ती किती तयार होते, हे हालचालीवर ठरतं. निवांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता देतो. तोच पाठीवर ओझं घेऊन चढ चढू लागला की चार-पाच पट. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातला फार तर पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णताच होते, आणि शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू मांड्यांत आहेत. म्हणजे चालताना पाय स्वतःच शेगडी असतात आणि थांबताक्षणी ती शेगडी विझते. धडाचं तसं नाही. धडात यकृत, हृदय, आतडी यांचा धंदा बसल्या जागीही चालू असतो. पायांना झोपेत आणि बैठकीत स्वतःची अशी मिळकत जवळपास नसते. म्हणून पिसांची विजार हा चालणाऱ्याचा पोशाख नाही. ती घालून चढ चढलात तर अर्ध्या तासात घामाने आतून भिजाल, आणि भिजलेल्या पिसाइतकं निरुपयोगी दुसरं काही नाही. ती बसणाऱ्याची, वाट पाहणाऱ्याची, तंबूत भाताला आधण येईपर्यंत ताटकळणाऱ्याची विजार आहे. (सात-आठ हजार मीटरवर चालतानाही ती घालतात, कारण तिथे एकेका पावलाला चार-चार श्वास लागतात, ते चालणं बसण्याच्याच जवळचं.)

कोलकात्याच्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही, कारण या सपाट, दमट शहराला डोंगराचं अजब वेड आहे. १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झालं आणि १९६० मध्ये बंगाली हौशी गिर्यारोहकांनी नंदा घुंटी हे ६,३०९ मीटरचं शिखर चढून दाखवलं; 'आनंदबाजार पत्रिका' हे बंगाली दैनिक पाठीशी उभं होतं, पत्रकार-लेखक गौरकिशोर घोष बरोबर होते. आज हजारो घरांतली मुलं सियालदहहून रात्रीची गाडी पकडून संदकफूला जातात, पश्चिम बंगालचा हा सगळ्यांत उंच माथा, ३,६३६ मीटर. साधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं. कोलकात्यात जानेवारीच्या रात्री पारा १४ वर असेल तर या ढोबळ हिशोबाने संदकफूला तो शून्याखाली नऊ-दहा अंशांवर असायला हवा, वारा निराळाच. दिवसभर चालताना कोणी कुडकुडत नाही. कुडकुडायला लागतात ती संध्याकाळी चारनंतर, लॉजच्या बाकावर बसल्यावर, आणि पहाटे कांचनजंगेवर ऊन पडायची वाट पाहत उभं राहिल्यावर. छायाचित्रांत नेमकी हीच माणसं दिसतात: वर फुगीर जॅकेट, खाली जीन्स. दिवसाच्या घामाने आणि धुक्याने ती जीन्स दमट झालेली असते. तिच्यात अडकलेल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, आणि पाण्याचे ते २४ पट मघाशी आलेच आहेत.

मग सगळ्यांनी पिसांची विजार घ्यावी काय? मुळीच नाही. विजारीत जॅकेटपेक्षा एक मोठी अडचण आहे: तिच्यावर बसावं लागतं. बसलं की बुडाखालची आणि वाकवलेल्या गुडघ्यावरची पिसं दबतात, आणि दबलेल्या पिसात हवा नाही म्हणजे ऊब नाही. दगडावर बसायचं तर खाली फोमची चटई हवीच, विजार कितीही महाग असो. दुसरं, ओल. बंगालचा हिमालय हा लडाखसारखा कोरडा नव्हे. समुद्रावरचे ढग थेट येऊन आदळतात ते इथे. धुकं, दव, तंबूच्या आतून गळणारा स्वतःच्याच श्वासाचा ओलावा यांनी पिसांचे गोळे चिकटून बसतात. पॉलिएस्टरचा कृत्रिम कापूस वजनाला जड, पिशवीत जागा खाणारा, पण भिजल्यावरही बरीचशी हवा धरून ठेवणारा आणि किमतीला कितीतरी स्वस्त. संदकफूच्या चार रात्रींसाठी माझं मत त्याच्याच बाजूने पडेल, किंवा लोकरीची आतली विजार आणि वर वारा अडवणारी सैल पँट या जोडीच्या बाजूने. खरी पिसं हवीत ती पाच-सहा हजार मीटरच्या वरच्या कोरड्या थंडीत, जिथे पाठीवरचा एकेक ग्रॅम जाणवतो. तीही भाड्याने मिळत असेल तर उत्तम. घेताना ती उजेडासमोर धरून कप्प्यांत मोकळ्या जागा आणि गुठळ्या दिसतात का पाहावं, आणि एक माप मोठी घ्यावी. तंग झाली तर ती स्वतःलाच दाबते. दोन्ही बाजूंना कमरेपासून घोट्यापर्यंत चेन असावी, म्हणजे बूट न काढता चढवता येते. पोचल्याबरोबर, अंग अजून गरम असताना ती चढवायची. एकदा गारठल्यावर घातली तर ती गारठाही तितक्याच निष्ठेने सांभाळते.

आणखी एक आक्षेप सहज उडवून लावता येणार नाही: पिसं कोणाची? बहुतेक पिसं मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांची असतात, आणि चीन हा त्यांचा सगळ्यांत मोठा पुरवठादार आहे. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटण्याचे प्रकार उघडकीला आल्यावर २०१४ पासून त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र निघालं. ते नसण्यापेक्षा असलेलं बरं. पण ज्याच्या घरात अंडंही शिजत नाही त्याचं समाधान प्रमाणपत्राने कसं होणार? त्याला कृत्रिम कापूस हे सरळ उत्तर आहे. फक्त प्लास्टिकचे तंतूही आभाळातून पडत नाहीत, हे लक्षात असू द्यावं.

कोलकात्यात ही विजार घेऊन ठेवणाऱ्याला तर थंडीहून पावसाळ्याची काळजी जास्त. घट्ट गुंडाळून पिशवीत कोंबलेली पिसं जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वास मारू लागतात, बुरशी धरतात आणि पुढच्या थंडीत फुलायचं नाव घेत नाहीत. ती मोठ्या सुती पिशवीत सैल टांगून ठेवावी लागतात, अधूनमधून वाऱ्यावर टाकावी लागतात. लेप गच्चीवर उन्हात घालणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना: कोलकात्याची ती काय थंडी! दहा-बारा अंशांना थंडी म्हणणं हीच मुळी गंमत. पण २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतल्या ७.४ कोटी मृत्यूंचा एक अभ्यास आला. भारत त्यात नव्हता, पण थायलंड आणि ब्राझील होते. थंडीच्या खात्यावर ७.२९ टक्के मृत्यू निघाले, उष्णतेच्या खात्यावर ०.४२, आणि थंडीतले बहुतेक कडाक्याच्या लाटेतले नव्हे, साध्यासुध्या गारव्यातले. जागतिक आरोग्य संघटना थंड हवामानात घराच्या आत निदान १८ अंश असावेत असं सांगते. उत्तर कोलकात्याची जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत: उंच छत, झडपांच्या खिडक्या, लाल गुळगुळीत थंडगार फरशी. घर गरम करण्याची सोय कुठेच नाही, तेव्हा बाहेर १३ अंश तर आत फार तर तीन-चार अंश जास्त. अशा घरात ऐंशीची आजी सकाळी आठ ते अकरा खुर्चीत बसलेली असते. तिच्या स्नायूंचं वजन तरुणपणापेक्षा पुष्कळ कमी झालेलं असतं, म्हणजे तिची शेगडी बसल्या जागी शंभर वॅटचीही नसते. डोक्याला माकडटोपी, अंगाला शाल, पाय लाल फरशीवर. वर्षानुवर्षं वेलिंग्टन चौकात हिवाळ्यापुरती दुकानं थाटणाऱ्या भुतिया-तिबेटी विक्रेत्यांकडून घरची माणसं तिला दर साली नवा स्वेटर आणतात. तसे तिच्याकडे आधीच चार आहेत. त्याऐवजी एक जाड लोकरी विजार, पायांखाली सतरंजीची घडी आणि कमरेपासून घोट्यापर्यंत गुंडाळायला नुकताच पिंजून घेतलेला एखादा छोटा लेप, एवढं केलं तर बदकाला त्रास द्यायचं कारणच उरत नाही.